गाऱ्हाण्यात गेलेलं घर

आमच्या बाबांचा विषय निघाला की जुने शेजारी एकच गोष्ट सांगतात. जॉबर म्हणजे शब्दाचा माणूस, बोलला की बोलला. समोरचा हे कौतुकाने सांगत असतो, त्यामुळे मला हसून मान डोलवावी लागते. पण आतून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आता माझं वय झालं, गुडघे बोलायला लागले, राग मात्र तसाच धडधाकट आहे. बाबांनी आईला दिलेला शब्द आधीचा होता, हे त्या शेजाऱ्यांना कोण सांगणार?

आम्ही लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. एक खोली, तिच्यात आई-बाबा, मी आणि दोन धाकटे भाऊ अशी पाच माणसं आणि आईची खानावळ. बाबा गिरणीत कापड विणायच्या साचाखात्यात जॉबर, म्हणजे वीस-बावीस कामगार त्यांच्या हाताखाली. गावाकडून आलेली, घरदार मागे ठेवलेली पंधरा-सोळा माणसं आमच्याकडे जेवायची. त्यांना आम्ही मेंबर म्हणायचो. गिरणीच्या पाळीप्रमाणे त्यांच्या पंगती बसायच्या. एक पंगत उठली की आई शेण-पाण्याचा हात फिरवायची आणि दुसरी बसायची. घरच्यांची पानं सगळ्यात शेवटी. तेव्हा मात्र बाबांच्या पानात माशाची मधली तुकडी पडायची, ती आई सकाळीच वेगळी काढून ठेवायची.

त्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती. मोरी म्हणजे गुडघाभर उंचीचा कठडा आणि तारेवर टाकलेलं जुनं लुगडं. पहिल्या पाळीचे मेंबर पहाटे चहाला यायचे, रातपाळीचे सकाळी जेवायला. कोणी ना कोणी खोलीत असायचंच. मला कळायला लागल्यापासून आईने अंगावरचं लुगडं उतरवून आंघोळ केलेली मी पाहिली नाही. लुगड्यावरूनच चार तांबे, आणि मग भिंतीकडे तोंड करून कसंबसं कोरडं नेसायचं. तिला काय हवं होतं असं कोणी विचारलं तर मी एका वाक्यात सांगेन. तिला दार असलेली मोरी हवी होती. आत जाऊन कडी लावता येईल अशी. बाकीचं घर त्या मोरीभोवती आपोआप आलं असतं.

आमच्या चाळकमिटीचे सेक्रेटरी गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. साताऱ्याकडचे, गोड बोलणारे, धोतराची निरी कधी विस्कटू न देणारे. एके दिवशी ते निळा नकाशा घेऊन आमच्या खोलीत आले आणि त्यांनी तो पोळपाटाशेजारी उलगडला. माहीमला एका शेटच्या मालकीची नारळाची वाडी होती. तिथे मराठी माणसांची गृहनिर्माण सोसायटी निघत होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि संडास आत. इमारत अजून नव्हती. आधी काही रक्कम भरायची, बाकीची भिंती चढतील तशी. सेक्रेटरींनी स्वतः तिसऱ्या मजल्यावरची जागा धरली होती.

चाळीत सगळे हसले. मेंबरांना तर जेवताना तोंडी लावायला विषय मिळाला. "काय गो मावशे, आमका जेवूक ढगात येवचा लागतला?" असं एकजण म्हणाला आणि पंगत खिदळली. बाबाही त्यातलेच.

"जी वस्तू अजून नायच, ती घेवची कशी?" ते म्हणाले. "बाजारात वांगा घेताना पण आपण दाबून बघतंव."

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "माका खय बघून घेतलास? तुमच्या बापाशीन ठरवल्यान आणि तुमी हार घातलास. बिघाडला काय त्यात?"

बाबा हसले. आई नेमकं बोलली की ते हरायचे, आणि हरलेले आवडायचेही त्यांना. ते असे हसायचे तेव्हा मला बाबा फार आवडायचे, हेही सांगून टाकते. नुसताच राग असता तर सोपं होतं.

त्या रविवारी आम्ही तिघं माहीमला गेलो. दादरपर्यंत ट्राम आणि पुढे चालत. मी तेव्हा मॅट्रिक होऊन म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायला लागले होते. एकवीस वर्षं पूर्ण झाली होती. कागद वाचायला म्हणून मला घेतलं. वाडीतली अर्धी झाडं तोडली होती. जमिनीवर खुंट्या, सुतळ्या आणि चुन्याच्या फक्कीने मारलेल्या रेघा. एक तरुण ओव्हरसियर छत्री घेऊन उभा होता. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातली जागा अजून कोणी धरली नव्हती, ती त्याने दाखवली.

आईने रेघेबाहेर चपला काढल्या. ओव्हरसियर म्हणाला, अहो बाई, असूद्या, माती आहे. ती ऐकेना. रेघेत दारासाठी जिथे मोकळी जागा सोडली होती, तिथूनच ती आत गेली. बाबा मात्र सरळ भिंतीतून, म्हणजे रेघ ओलांडून आत शिरले, तेव्हा ती त्यांच्यावर खेकसली, "दारातसून येवा!" मग तिने विचारलं, मोरी कुठे? ओव्हरसियरने छत्रीच्या टोकाने एक चौकोन दाखवला. दार कुठून? त्याने तेही दाखवलं. आई त्या चौकोनात गेली, आमच्याकडे पाठ करून उकिडवी बसली आणि बराच वेळ तशीच राहिली. चारी बाजूंना माळ होता, पलीकडे दोन बकऱ्या चरत होत्या. पण ती कडी लावलेल्या दाराआड बसावी तशी निवांत बसली होती.

उठली तेव्हा तिचा चेहरा असा काही झाला होता की बाबा एकदम म्हणाले, "घेवया. माझो शब्द."

घरी येऊन मी अर्ज भरला. आईच्या पोस्टातल्या पुस्तकात खानावळीची पंधरा वर्षांची बचत होती, ती महिनाअखेरीस भरायची ठरली. सेक्रेटरींनी अर्ज नेला आणि कोपऱ्यातली जागा यादीत बाबांच्या नावावर लिहून ठेवली. मधले दहा-बारा दिवस आई पोळपाटाच्या मागे खडूने चौकोन काढायची आणि कुठे काय ठेवायचं ते मला विचारायची.

ते दिवस साधे नव्हते. मुंबई महाराष्ट्रात राहणार की नाही, यावरून सगळा गिरणगाव पेटला होता. रोज सभा, रोज मोर्चा. गोळीबार झाला, शेजारच्या चाळीतला एक कामगार त्यात गेला. त्याची अंत्ययात्रा आमच्या गॅलरीखालून गेली तेव्हा मीही ओरडून घसा बसवून घेतला होता. मी शाळा सुटली की मोर्च्यात जायची. पोलिसांची लाठी खांद्यावर घेतली होती आणि त्याचा मला गर्व होता. तो राग खरा होता. त्या रागाबद्दल मी आज एक अक्षरही मागे घेणार नाही.

त्याच आठवड्यात चाळीच्या पटांगणात सभा भरली. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू व्हायचं नाही. गाऱ्हाणं म्हणजे गावच्या देवाला नारळ ठेवून मोठ्या आवाजात घातलेलं साकडं. एकाने म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोकणातली माणसं सभेत असोत की लग्नात, ते दोन शब्द तोंडातून आपोआप निघतात. चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा होता. आवाज खणखणीत, आणि शब्दांना कधी अडायचे नाहीत.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरू केलं, "ही तुझी लेकरा पोटासाठी ह्या मुलखात इली हत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पटांगण म्हणालं. गॅलऱ्यांतून बायका म्हणाल्या. मी म्हणाले.

"जे गेले तेंच्या पोराबाळांका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सेक्रेटरी बाबांच्या शेजारी नारळाचं ताट धरून उभे होते. मी पुढेच बसले होते, म्हणून मला दिसलं आणि ऐकूही आलं. ते बाबांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "जॉबर, जमीनवाल्या शेटांचं पण घाला. लोकांना पटेल." मुंबई महाराष्ट्राला देऊ नका म्हणणाऱ्यांत ही शेटमंडळी होती, असं सगळे म्हणत होते. बाबांचा चेहरा लाल झाला होता, मानेची शीर फुगली होती.

"आणि म्हाराजा, मुंबई महाराष्ट्राक मिळेपर्यंत ह्या शेटांच्या जमनीर मी घर घेवचंय नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कोणीतरी बाबांना खांद्यावर उचललं, हार घातला. मी टाळ्या वाजवल्या, अगदी तळहात हुळहुळेपर्यंत. मग मला माहीमच्या रेघा आठवल्या आणि मी वर गॅलरीत पाहिलं. आई कठड्याला धरून उभी होती, तोंडावर हात ठेवून. नंतर मला कळलं, तीही "व्हय म्हाराजा" बोलून गेली होती. इतरांसारखीच, सवयीने, काय बोलतोय ते न ऐकता.

खोलीत आल्यावर बाबांनी हार खुंटीला लावला. आईने विचारलं, आता माहीमचं काय? बाबांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"देवासमोर बोललंय. आता काय करू?"

"माझ्यासमोर पण बोललास."

"तू पण व्हय म्हाराजा म्हटलंस गो. सगळ्यांनी आयकला."

हे वाक्य आठवलं की आजही माझे दात एकमेकांवर आवळले जातात. आई म्हणाली, "ता सवयीन म्हणतत. कोन आयकता गाऱ्हान्यात काय हा ता?" पुढे ती जे बोलली ते सभेतल्या एकाही वक्त्याला सुचलं नव्हतं. "ते शेट काय म्हणतत? मराठी मानसाचा मुंबयत काय आसा, असाच ना? मगे घर घेवचा सोडून घेवचा नाय म्हणून शपथ घेतास? तेंच्या मनासारख्याच केलास की."

बाबा चिडले. बायकांना राजकारण कळत नाही म्हणाले. आईने दुसरा मार्ग काढला. गावी जा, देवाला नारळ द्या, चुकून बोललो म्हणून सांगा, गाऱ्हाणं सोडवून घ्या. असं करता येतं, गावात लोक करतातही. बाबा म्हणाले, "देव सोडील गो. चाळ काय म्हणात?"

म्हणजे देवाचं काही नव्हतंच. खांद्यावर उचललं होतं, तिथून खाली उतरायचं नव्हतं. आईच्या मोरीचं दार त्या हारावर ओवाळून टाकलं. पुरुषाला चारचौघांत टाळ्या मिळाल्या की घरातल्या माणसाला दिलेला शब्द त्याला इतका स्वस्त का वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही.

पण माझीही गोष्ट सांगते, नाहीतर मीही त्यांच्यासारखीच होईन. दोन दिवसांनी आई माझ्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पोस्टाचं पुस्तक होतं. म्हणाली, "तुझ्या नावान घेवया. तू सज्ञान हस, नोकरी करतंस. गाऱ्हाना तुझ्या बापाशीन घातल्यान, तू नाय. माका सही येना नाय, थय आंगठो चलना नाय, नायतर तुका इचारूक इलंय नसतंय." आणि मी, खांद्यावर लाठीचा वळ मिरवणारी, तिला काय म्हणाले? "आई, माणसं मरतायत आणि तुला मोरी सुचते? तुला घराबाहेरचं काही दिसतच नाही का गं?" शाळेतल्या दोन बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी हे म्हणाले. म्हणजे माझंही पटांगणच होतं. आईने पुस्तक पदराखाली घेतलं आणि ती लालबागच्या दिशेने चालत निघून गेली. तिने तो विषय पुन्हा माझ्याकडे कधीच काढला नाही. एक सही. तेवढीच हवी होती.

महिना संपला, पैसे भरले गेले नाहीत, जागा सुटली. सेक्रेटरींनी हळहळून सांगितलं, की यादीवरून बाबांचं नाव त्यांनी जड हाताने खोडलं. मग वर्षं गेली. सोसायटीचं बांधकाम सिमेंटसाठी रखडलं, पुन्हा सुरू झालं. आईने माहीमचं नाव काढलं नाही. मेंबर वाढले, ती वाकली, लुगड्यावरून चार तांबे घेणं चालूच राहिलं.

मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. लालबागला जी रोषणाई झाली, जे ढोल वाजले, त्यात मीही नाचले आणि बाबा तर लहान पोरासारखे रडले. आईने पुरणपोळ्या केल्या, सगळ्या मेंबरांना वाढल्या. तो आनंदही खरा होता. बाबांची शपथ आता सुटली होती, पण तोवर माहीमच्या सगळ्या जागा भरल्या होत्या. त्यानंतर महिन्याभरात सेक्रेटरींकडून वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. माहीमच्या घराची.

आम्ही गेलो. मी वर जायला जिन्याकडे वळले, कारण त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. तर सेक्रेटरींनी तळमजल्यावरून हाक मारली. "इकडे इकडे! आमच्या आईला जिने चढवत नाहीत, म्हणून आम्ही ही कोपऱ्यातली बदलून घेतली." म्हणजे आम्ही धरलेली, आमची. बाबांचं नाव खोडलं त्याच आठवड्यात बदलून घेतली होती, हे त्यांच्या बायकोनेच सहज बोलता बोलता सांगितलं.

मला राहवलं नाही. मी सगळ्यांदेखत विचारलं, "काका, तुम्ही त्या दिवशी ताट धरून उभे होतात ना? शेटच्या जमिनीवर घर घ्यायचं नाही म्हणून?"

ते मनापासून हसले. "अगं, मी घाटावरचा माणूस. तुमच्या गावच्या देवाला मी कुठे ओळखतो? आणि मी तर आधीच सभासद झालो होतो. शपथ जॉबरांची होती. काय पाळली बघ! असा माणूस मिळायचा नाही." आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

मी बाबांकडे पाहिलं. आता तरी, मला वाटलं. आता तरी एक शब्द बोला, ताट उधळा, निदान उठून चालू लागा. बाबांचा चेहरा पडला खरा, पण पाठीवरच्या त्या थापेने तो पुन्हा सावरला. सेक्रेटरी म्हणाले, "जॉबर, आता तुमच्या तोंडून एक गाऱ्हाणं होऊन जाऊ द्या आमच्या घरासाठी. तुमच्यासारखं कोणाला जमतंय?"

आणि बाबा उभे राहिले. शपथेवर सांगते, उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली, नारळ हातात घेतला आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या वास्तूत सुखशांती नांदू दी रे म्हाराजा!" जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी म्हणाले नाही. आई तिथे नव्हती. मी तिला शोधायला आत गेले तर ती मोरीच्या दाराशी उभी होती. हिरव्या रंगाचं, लाकडी, नवं दार. तिने ते एकदा लावून पाहिलं, पुन्हा उघडलं. आत मात्र गेली नाही. तिथल्या चहाला तिने हातही लावला नाही.

परतताना ट्राममध्ये बाबा म्हणाले, "बांधकाम काय खास नाय. ओल येतली." आई खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंबरांची पंगत बसायची होती. आईने पानं मांडली आणि बाबांना हाक मारली, "बसा." बाबांना वाटलं, तिला कुठे जायचं असेल, म्हणून लवकर वाढतेय. ते आमच्या नेहमीच्या जागेकडे, चुलीजवळ गेले. आई म्हणाली, "थय नाय. हयसर. मेंबरांवांगडा."

मेंबर हसले, बाबाही हसले, आणि दोन माणसांच्या मधे मांडी घालून बसले. आईने सगळ्यांना वाढलं तेवढंच त्यांना वाढलं. माशाची मधली तुकडी त्या दिवशी निघाली नाही, त्यानंतरही कधी निघाली नाही. संध्याकाळी पुन्हा तसंच. चौथ्या दिवशी बाबा चिडून म्हणाले, "मी काय मेंबर हंय?" आई म्हणाली, "ज्येंका घर नाय, ते हयसर जेवतत." आणि पुढच्या पानाकडे वळली.

बाबांनी कोणाकडे तक्रार केली नाही. चाळीत सांगणार तरी काय? त्या महिन्याच्या पगाराला त्यांनी नेहमीसारखं पाकीट आईपुढे धरलं. गिरणीला लागल्यापासून पगाराचं पाकीट ते न फोडता तिच्या हातात द्यायचे, ती त्यातून घर चालवायची. आईने पाकीट फोडलं. एका मेंबराचे महिन्याच्या जेवणाचे होतात तेवढे मोजून घेतले आणि बाकीचे पाकिटात घालून त्यांना परत दिले. बाबा पाकीट धरून तसेच उभे राहिले. पुढच्या पाळीची माणसं जिना चढत होती, म्हणून मी पानं मांडायला घेतली.